दुसरं घर धरावं की नाही?
(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार. नागपुरात अर्थशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली आणि आता मुलाकडे टोरांटोला आले आहे, तेव्हा तिळगुळाबरोबर थोडा हिशेबही ऐकून घ्यावा लागेल.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाई नवऱ्याच्या माघारी एकट्या मुलगी वाढवतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्यांना महिन्याला 1,500 रुपये मिळत होते आणि आमच्याकडचे 1,500. शेजारणीने त्यांना काम विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, दुसरं घर धरलं तं निराधारचे पैसे जातीन न!" मी कागद घेऊन बसले. या योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750. एका घराचे वर्षाचे 18,000 होतात, ते मर्यादेत बसतात. दोन घरांचे 36,000 होतात, ते बसत नाहीत. म्हणजे नियमावर बोट ठेवले तर दुसऱ्या घराचे 1,500 येणार आणि अनुदानाचे 1,500 जाणार, महिनाभर भांडी घासून हाती शून्य. (प्रत्यक्षात उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा आणि घरातला आकडा यांची गाठ क्वचितच पडते, हे आपण सारे जाणतो, पण भीती खरी असते.) बाईंना अर्थशास्त्र कोणी शिकवले नव्हते, तरी त्यांचे गणित बिनचूक होते.

याच प्रश्नावर तुमच्या या कॅनडात 1990च्या दशकात एक मोठा प्रयोग झाला. ब्रिटिश कोलंबिया आणि न्यू ब्रन्सविक या प्रांतांत किमान वर्षभर सरकारी मदतीवर असलेल्या एकल पालकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला सांगितले, की वर्षभरात आठवड्याला 30 तासांचे काम मिळवून मदत सोडलीत, तर तीन वर्षांपर्यंत तुमची कमाई आणि एक ठरलेला आकडा यांतल्या फरकाची निम्मी रक्कम आम्ही देऊ. न्यू ब्रन्सविकमध्ये हा आकडा सुरुवातीला 30,000 डॉलर होता, त्यामुळे वर्षाला 12,000 कमावणाऱ्या आईला वर 9,000 मिळत आणि तिची कमाई 14,000 झाली तर 8,000. कमाई दोन हजारांनी वाढली तर पूरक रक्कम एकच हजार घटे. आमच्या बाईंचे सगळेच जात होते.

पूर्णवेळ काम करणाऱ्यांचे प्रमाण ऐन भरात दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट झाले. मात्र तीन वर्षांचे पैसे थांबल्यावर हा फरक विरत गेला, कारण दुसऱ्या गटातल्या आयाही हळूहळू कामाला लागल्या होत्या. काहींनी याला अपयश म्हटले. मला ते पटत नाही. ज्या वर्षांत मुले लहान होती त्या वर्षांत त्या घरांतली गरिबी कमी झाली, हे काय थोडे झाले? माझा आक्षेप वेगळा आहे. 30 तासांची अट म्हणजे 29 तास काम करणाऱ्या आईच्या हाती काहीच नाही, आणि हा शेवटचा तास पाळणाघराच्या वेळेवर अडतो. ब्रिटनने 1999मध्ये आणलेल्या अशाच सवलतीत 16 तास पुरेसे धरले आणि पाळणाघराच्या खर्चाचा मोठा वाटाही ठरावीक मर्यादेपर्यंत उचलला, ते मला अधिक शहाणपणाचे वाटते. आमच्याकडे अंगणवाडी दुपारी सुटते आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतली पाळी संध्याकाळी.

महाराष्ट्रात 2024मध्ये लाडकी बहीण योजना आली. रक्कम तीच, 1,500. पण उत्पन्नमर्यादा अडीच लाख, त्यामुळे तिच्यात दुसऱ्या घराची धास्ती उरत नाही. रक्कम किती यावर आपल्याकडे फार बोलले जाते, ती कमाईच्या कोणत्या टप्प्यावर आणि कशी काढून घेतली जाते यावर फारसे नाही.

आमच्या बाईंनी पुढे दुसरे घर धरले. पण ते हिशेब जुळला म्हणून नव्हे. काटोलहून त्यांची आई राहायला आली आणि मुलीला शाळेतून आणायला घरात माणूस झाले. निराधारच्या पैशांचे काय केले, ते मी विचारले नाही.