गिअरबॉक्स 'गेला' म्हणण्याआधी हा एक प्लग बघा | ऑटोमॅटिक पिकअप

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच गोष्टीच्या. "दादा, टोयोटाची हायलक्स ऑटोमॅटिक आहे. डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) टाकली की दोन सेकंद हलत नाही, मग झटका मारून निघते. गिअरबॉक्स गेला का?"

अहो, थांबा. आधी तेल बघा.

बेसिक पटकन सांगतो. ऑटोमॅटिकमधलं एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, नुसतं वंगण नाही, त्याच्याच दाबावर आतले क्लच पकडतात. दाब पडला की क्लच घसरतात. इंजिन रेस होतं, गाडी तिथंच. झालं बेसिक.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा, पण तो पाचशे रुपयांचा ब्लूटूथवाला लावून "पी-०७०० आलाय, काय करू" असं मला विचारू नका. पी-०७०० चा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी तक्रार आहे. तक्रार कसली, ते त्या कंट्रोलरलाच विचारावं लागतं. त्याच्यापर्यंत पोचणारा स्कॅनर हवा. तिथं पी-०७४१ निघाला तर टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉक-अपकडे, म्हणजे त्यातल्या थेट जोडणाऱ्या क्लचकडे बघायचं, पी-०७३० निघाला तर गिअर रेशो जुळत नाहीये.

आता मुद्द्याचं. या गाडीला एटीएफची डिपस्टिक नाही. चेंबरला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ट्रेला, ओव्हरफ्लो प्लग आहे; लेव्हलच्या वरचं तेल तिथून बाहेर पडतं. लेव्हल तिथून बघायची, आणि इंजिन चालू ठेवून बघायची.

पुन्हा सांगतो. इंजिन बंद असताना वरचं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. तेव्हा प्लग उघडला की धो-धो धार. मिस्त्री म्हणतो, "तेल जास्त झालंय." सगळं जाऊ देतो, प्लग लावतो. मग इंजिन सुरू होतं, पंप तेल वर ओढतो आणि चेंबर रिकामं.

माझ्याकडे अगदी अशीच एक हायलक्स आली होती. दुसरीकडे "सर्व्हिस" करून आणलेली, आणि वर ओव्हरहॉलचं एस्टिमेट हातात. मालकांचा चेहरा बघवत नव्हता. मी नीट लेव्हल केली, तर दीड लिटरच्या वर तेल आत गेलं. झटका गायब. बॉक्स उघडलाही नाही.

दुसरी बाजू, तापमान. तेल गरम झालं की फुगतं. टोयोटाच्या अशा बॉक्सला साधारण ४० अंशांच्या आसपास बघायचं असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. घाट चढून आल्या आल्या प्लग उघडलात तर चांगलं तेल वाहून जाईल. पहाटे थंडगार गाडीत भरलंत तर जास्त भराल, आणि जास्त तेलाचाही फेस होतो. तापमान स्कॅनरवर दिसतं, चेंबरला हात लावून अंदाज नको.

म्हणून क्रम असा: गाडी चारही बाजूंनी समतल, इंजिन चालू, ब्रेक दाबून गिअरचा दांडा पी-आर-एन-डी सगळीकडे नेत थोडं थोडं थांबायचं, परत पी. तापमान आलं की प्लग काढायचा. धार येते, बारीक होते, थेंबांवर येते. त्या क्षणी प्लग बंद. इंजिन अजून चालूच! गाडीखाली जाताना स्टँड आणि चाकांना अडवायला ठोकळे लावलेच पाहिजेत.

आणि हो, तेल बदलताना भरायचा प्लग आधी सैल करा, सोडायचा नंतर. भरायचा जाम निघाला तर रिकामा बॉक्स घेऊन बसाल. विचारू नका मला हे कसं कळलं.

तेलाचा रंगही बघा. काळं आणि जळका वास म्हणजे क्लच जळलेत, तिथं लेव्हल करून भागणार नाही. गुलाबी, स्ट्रॉबेरी मस्तानीसारखं दिसलं तर कूलंट मिसळलंय. गाडी चालवू नका, टो करून आणा.

साठ-सत्तरच्या वेगाला, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरत असेल, तर ब्रेकला नुसता स्पर्श करा. थरथर लगेच थांबली तर लॉक-अपवर संशय.

"मॅन्युअल घ्या, कटकटच नाही," असं लिहिणाऱ्या दादांना: हायलक्समध्ये मॅन्युअलला ४२० न्यूटन मीटर टॉर्क आहे, ऑटोमॅटिकला ५००. आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये एक संध्याकाळ डावा पाय घेऊन या, मग बोलू.

शेवटची कमेंट. "आमच्या अंगणाला थोडा उतार आहे, तिथं लेव्हल केली तर चालेल का?"

नाही.