टाइप-सी म्हणजे स्पीड नव्हे! (परत एकदा, शांतपणे)

नमस्कार मंडळी. आज खरं तर प्रिंटरवर बोलायचं ठरलं होतं. पण मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की आधी तो निकालात काढू. "ताई, लॅपटॉपला टाइप-सी, एसएसडीला टाइप-सी, केबलपण टाइप-सी, तरी कॉपी मुंगीच्या पावलांनी. एसएसडी डुप्लिकेट लागली का?"

नाही हो. एसएसडीला, म्हणजे डेटा साठवायच्या त्या वेगवान डिस्कला, शिव्या द्यायच्या आधी जरा थांबा.

बेसिक भराभर उरकते, तुम्हाला माहितीच आहे. पूर्वी कॉम्प्युटरच्या मागं प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं होतं. जांभळं भोक कीबोर्डचं, हिरवं माउसचं, प्रिंटरला 25 पिनांचा तो रुंद पोर्ट. 1996 मध्ये यूएसबी आलं आणि हळूहळू सगळे एका दारातून यायला लागले. त्यामागच्या लोकांत इंटेलचे अजय भट्ट होते. ते शिकले बडोद्याला, आपल्या सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात. हे मी दर वेळी सांगते, सांगू द्या. एका कंट्रोलरवर, म्हणजे यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपवर, कागदोपत्री 127 वस्तू जोडता येतात. घरी करून बघू नका. झालं बेसिक.

आता मुद्दा. टाइप-सी हा फक्त आकार आहे. आकार! उलटी-सुलटी कशीही घातली तरी बसते ती चपटी पिन, बास. आतून काय धावतंय ते बाहेरून कळत नाही. 2000 सालचं यूएसबी 2 असू शकतं, सेकंदाला 480 मेगाबिटवालं. 2008 मध्ये आलेलं यूएसबी 3 असू शकतं, 5 गिगाबिटवालं. थंडरबोल्टही असू शकतं, म्हणजे त्याहून वेगवान जोडणी. दार तेच, आत बोळ आहे की हायवे ते वेगळं. आयफोन 15 घ्या. साध्या मॉडेलला टाइप-सी आहे, स्पीड मात्र यूएसबी 2 चा. प्रो मॉडेलचा पोर्ट वेगवान, पण बॉक्समधली केबल परत यूएसबी 2 ची!

"म्हणजे केबलमध्येपण फरक असतो?" असतो ना! तेच तर ओरडून सांगतेय.

माझीच फजिती सांगते. मावसभावाच्या साखरपुड्याचं शूटिंग, 64 जीबी. तो दारात बूट घालून उभा, "ताई पटकन दे, गाडी लागलीय." मी ऐटीत म्हटलं, तीन मिनिटं. हाताला लागली ती केबल लावली. स्पीड अडतीस एमबीवर जाऊन बसला, हलेना. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 480 मेगाबिटला आठानं भागलं की होतात 60 मेगाबाइट, त्यातले प्रत्यक्ष पदरात पडतात पस्तीस-चाळीस. म्हणजे अर्धा तास. भाऊ बूट काढून परत आत आला, चहा झाला, मावशीचा फोन झाला. आणि मग ड्रॉवरमध्ये एसएसडीच्या बॉक्समधली ती वीतभर केबल सापडली. तोच पोर्ट, तीच डिस्क, स्पीड चारशे.

ती पहिली केबल फोनच्या चार्जरची होती. ही बघा. (केबल कॅमेऱ्याजवळ) ही मी नंतर कापली, रागानं. डेटासाठी आत एकच जोडी, हिरवी आणि पांढरी. वेगवान केबलमध्ये याशिवाय आणखी जोड्या असतात, म्हणून ती जाड आणि बहुतेकदा आखूड असते. तेव्हा बॉक्समधली आखूड केबल "काय ही एवढीशी" म्हणून फेकू नका. आणि तपासायला कुठलं ॲप नको. एसएसडीवर मोठी फाइल टाका. आकडा चाळिसाच्या आसपास अडकला, तर केबल नाहीतर पोर्ट यूएसबी 2 आहे. आधी केबल बदला.

हाच घोळ मॉनिटरचा. "मॉनिटर जोडायला टाइप-सी टू एचडीएमआय ॲडॉप्टर घेतलं, स्क्रीन काळीच, दुकानदारानं फसवलं." एका दादांनी तर त्याच्याशी भांडून दुसरं आणलं, तेही काळं! अहो, तुमच्या पोर्टमधून चित्र बाहेर पडतच नसेल तर ॲडॉप्टर काय करील बिचारं? पोर्टशेजारी बघा. बाणासारख्या टोकाची वीज काढलेली असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे चित्र येणार. डी आणि पी गुंफल्यासारखं चिन्ह असेल तरी येणार. काहीच नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून "डिस्प्लेपोर्ट" (म्हणजे चित्र बाहेर पाठवायची सोय) शब्द शोधा. खरेदीच्या आधी, नंतर नाही.

हबबद्दल, म्हणजे एका पोर्टचे चार करणाऱ्या त्या डबीबद्दल, एकच. "हबला हार्ड डिस्क लावली की टिकटिक करते आणि गायब होते." उपाशी आहे ती. यूएसबी 2 चा पोर्ट देतो 500 मिलिअँप, यूएसबी 3 चा 900. भिंतीतून वीज घेणारा ॲडॉप्टर नसलेला हब चार तोंडांना तेवढंच वाटून देतो. जुन्या डिस्कला दोन तोंडांची केबल यायची, आठवतेय? दोन पोर्टांतून वीज ओढायला. तेव्हा डिस्क थेट लॅपटॉपला लावा, नाहीतर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घ्या. आणि टिकटिक चालू असताना "अजून एकदा बघू" म्हणत काढघाल करू नका, डेटा जाईल.

प्रिंटर पुढच्या आठवड्यात, नक्की. ती वीतभर केबल दाखवणार होते, पण भाऊ जाताना ती घेऊन गेला. आता त्यानं फोनचं चार्जिंग चालवलंय तिच्यावर.