डीबीएफ फाइल वाचताना खोडलेल्या नोंदींचं काय करायचं?

डीबेस, फॉक्सप्रो, क्लिपर या तिन्ही जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमांचा डेटा डीबीएफ फाइलीत असायचा, आणि नकाशांच्या शेपफाइलसोबत ती आजही येते. पायथनमध्ये त्यासाठी तयार लायब्ररी आहेत, त्या जरूर वापरा. पण त्याआधी एकदा फाइल बायनरी मोडमध्ये उघडून पहिले ३२ बाइट स्वतः वाचा.

पहिल्या बाइटवरून फाइलीची जात कळते: ३ म्हणजे साधी डीबेस-३, १३१ म्हणजे सोबत मेमो फाइल (लांब मजकुराची वेगळी फाइल) हवी, ४८ म्हणजे व्हिज्युअल फॉक्सप्रो. पुढे तीन बाइटांत शेवटच्या बदलाची तारीख, चार बाइटांत नोंदींची संख्या, मग दोन-दोन बाइटांत हेडरची (नोंदींच्या आधीच्या माहितीच्या भागाची) आणि एका नोंदीची लांबी. पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलने हे एका ओळीत सुटं होतं. फक्त लिटल एंडियन, म्हणजे आकड्याचा सर्वात लहान किमतीचा बाइट आधी, हे सांगायला विसरू नका. नंतर प्रत्येक रकान्याचे ३२ बाइट येतात आणि १३ हा बाइट दिसला की रकान्यांची यादी संपते.

आता रकान्यांच्या लांब्यांची बेरीज करा. नोंदीची लांबी त्याहून एकाने जास्त निघेल. मला आज बोलायचंय ते या जास्तीच्या बाइटबद्दल. ही एक नोंद पाहा:

*१०४७१९९१०३१२  २५०.००

पावती क्रमांक, तारीख, उजवीकडे सरकवलेली रक्कम, सगळं साध्या अक्षरांत. सुरुवातीची चांदणी म्हणजे नोंद डिलीट झालेली. चालू नोंदीत तिथे स्पेस असते. डीबेसमध्ये डिलीट ही नुसती खूण आहे. पॅक (खोडलेल्या नोंदी खरोखर काढून टाकणारी आज्ञा) चालवेपर्यंत मजकूर जागच्या जागी राहतो आणि रिकॉल ही आज्ञा दिली की नोंद पुन्हा चालू होते. डीबीएफरीड ही पायथनची लायब्ररी साध्या लूपमध्ये फक्त चालू नोंदी देते, खोडलेल्या वेगळ्या मागाव्या लागतात. त्या मागाच. पावती रद्द झाली होती, हीसुद्धा माहितीच आहे, आणि ती गाळायचा अधिकार वाचणाऱ्या कोडला नाही. नव्या टेबलात खुणेचा एक रकाना ठेवा, नोंदीचा मूळ क्रमांकही ठेवा.

हेडरमधल्या संख्येवरही डोळे झाकून विसंबू नका. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला असेल तर ती चुकीची असू शकते. फाइलीच्या आकारातून हेडर वजा करून नोंदीच्या लांबीने भागा आणि ताडून पाहा.

अक्षरांचा प्रश्न मात्र अवघड आहे. कोड पेजचा (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्याचा) बाइट हेडरमध्ये असतो, पण तो शून्यच असलेल्या फाइली भरपूर. अशा वेळी अंदाजाने एखादं कोड पेज लावून ‘एरर्स इग्नोर’ (न वाचता आलेले बाइट सोडून दे) लिहिणं मला अजिबात मान्य नाही, कारण न उमगलेला बाइट त्यात कायमचा जातो. मूळ बाइट शेजारी जपा. ओळखीची नावं, गावं असलेल्या ओळी घेऊन वेगवेगळी कोड पेजं लावून बघा आणि त्या डेटावर काम केलेल्या माणसाला दाखवा.

मेमोबद्दल एवढंच: डीबेस-३ मध्ये ५१२ बाइटांचे ठोकळे असतात, तर फॉक्सप्रोच्या एफपीटी या मेमो फाइलीत आकडे बिग एंडियन, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी. आणि तारखेच्या जागी आठ स्पेस आल्या तर तिथे ‘नन’ (पायथनमधली ‘काहीच नाही’ ही किंमत) ठेवा, मनाने १ जानेवारी १९०० घालू नका.