मनगट आधी

(दृश्य: पहाट, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं घर. पोफळींवर पावसाची रिपरिप.)

वाळपईच्या पलीकडचं हे घर. चहा अजून चुलीवर आहे, आणि आईचं दिवसातलं पहिलं काम सुरू झालंय : लेकाची मूठ उघडणं.

बोटं ओढली तर मूठ आणखी आवळते. म्हणून आधी मनगट हलकेच आतल्या बाजूला वाकवायचं, की बोटांवरचा ताण उतरतो. मग अंगठा, टोकाला नाही, मुळाशी धरून. मग एकेक बोट. तळवा पुसून कोरडा करायचा. पावसाळ्यात आत घाम साचतो, नखं रुततात, वास मारतो. शेवटी जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी मुठीत.

मुलगा 19 वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण अंग वाढतं. हाडं लांबतात, आखडलेले स्नायू मागे राहतात. काल सरळ होणारा गुडघा मग होत नाही. खुबा सांध्यातून सरकू लागतो. पाठ वाकली की फुप्फुसांना जागा पुरत नाही, आणि साधा कफही सुटता सुटत नाही.

मोडलेल्या पायाची फिजिओथेरपी कधीतरी संपते. ही संपत नाही. एका ठिकाणी 'आता सुधारणा दिसत नाही' म्हणून बंद केली. आई म्हणतात, "सुधारणा मागितली कुणी? आहे ते राहू दे, एवढंच तर म्हणत होते."

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ, खाट.)

दर दोन तासांनी कूस. माकडहाड, टाचा लाल झाल्या नाहीत ना, ते बघायचं. रात्रीसुद्धा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. पणजीत 2023 च्या जानेवारीत दिव्यांगांचा पहिला महोत्सव, पर्पल फेस्ट, भरला, चांगला भरला. पण ज्याला खाटेवरून उचलायला दोन माणसं लागतात, त्याला पणजी लांबच. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जायचं तर भाड्याची गाडी आणि अख्खा दिवस. घरी येणारा फिजिओ मिळाला तर नशीब.

गेल्या चतुर्थीला आई तापानं पडल्या. गणपतीवरची फळापानांची माटोळी शेजाऱ्यांनी बांधली, नैवेद्य जावेनं केला. मूठ उघडणं मात्र कुणालाच जमेना. आई उठल्या तेव्हा तळव्यावर नखांच्या चार खुणा होत्या.

आता पुतणी शिकतेय.

(दृश्य: पुतणीचे हात, मूठ.)

"मनगट आधी गो," आई चुलीपाशी बसूनच सांगतात.