नमस्कार आधी अरिहंतांना

आषाढ लागलाय. खान्देशच्या काळ्या रानात कपाशीला दोन-चार पानं फुटलीयत. पारोळ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेनं चार जैन साध्वीजी अनवाणी चालल्या आहेत. मुखावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, काखेत जीव हळूच बाजूला सारायचा लोकरी कुंचा, रजोहरण, झोळीत लाकडी पात्रं. चतुर्दशीच्या आत चातुर्मासाच्या गावी पोचायचं. पावसाळ्यात जमिनीवर बारीक जीव फार. ते पायाखाली सापडू नयेत, म्हणून हा चार महिन्यांचा मुक्काम.

गावातल्या स्थानकात, म्हणजे जैनांच्या धर्मस्थानात, बायामाणसं वाट बघतायत. महाराजसाहेब, म्हणजे साध्वीजी, आत येताच सगळे हात जोडून वाकतात. 'मत्थएण वंदामि.' मस्तक नमवून वंदन.

मग नवकार, जैनांचा नमस्काराचा मंत्र. लहानपणापासून पाठ असलेला, म्हणूनच कदाचित कधी नीट न ऐकलेला. पहिला नमस्कार अरिहंतांना, म्हणजे राग-द्वेष जिंकलेल्यांना, दुसरा सिद्धांना. खरं तर सिद्ध वरचे. त्यांची आठही कर्मं संपली, ते मोक्षाला गेले. अरिहंतांची चार घाती, म्हणजे आत्म्याचे गुण झाकणारी, कर्मं गेली, चार अजून बाकी, देहही आहे. मग ते आधी का? कारण देह आहे म्हणून ते बोलतात. सिद्ध म्हणजे काय, हे आपल्याला कळलं ते अरिहंतांच्या तोंडून. वाट दाखवणाऱ्याला एवढा मान! पुढे आचार्य, उपाध्याय, साधू. पाच पदं, आणि नाव एकाचंही नाही.

पण गुरूचाही मोह होतो. इंद्रभूती गौतम हे भगवान महावीरांच्या 11 गणधरांतले, म्हणजे मुख्य शिष्यांतले, पहिले. त्यांच्या मागून आलेल्यांना केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, झालं, त्यांना होईना. आड येत होतं ते महावीरांवरचं प्रेम. परंपरेनुसार इ. स. पूर्व 527 मध्ये, आश्विन अमावास्येला पावापुरीत भगवंतांचं निर्वाण झालं. गौतम जवळ नव्हते. बातमी ऐकून ते ढसाढसा रडले, आणि त्या रडण्यातूनच विचार जागा झाला: ज्याचे राग-द्वेष गेले त्या वीतरागाला कसला आलाय आपपरभाव? मोह सुटला. केवलज्ञान झालं. जैन घरांतली दिवाळी ही त्या रात्रीची आहे.

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला. रानात कापसाची वेचणी चाललीय. साध्वीजी निघाल्या. अख्खा संघ शिवेपर्यंत चालत आला. तिथं थांबून मांगलिक, म्हणजे निरोपाचा मंगलपाठ, ऐकलं. एका आजींचे डोळे भरून आले. साध्वीजींनी हात उंचावला, आणि त्या पुढच्या गावाच्या रस्त्याला लागल्या.