आधी स्लॉट मोजा

नमस्कार. बाहेर धो धो पाऊस, त्यात रविवारची सकाळ, तरी पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरबद्दल ऐकायला तुम्ही एवढे जण आलात, मला खरंच आनंद झाला. टेबलावर हे उघडं कॅबिनेट आहे ना, ते ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या भंगारातून आणलंय. बोलणं संपलं की चालू करून दाखवतो.

१९९९ साली मी नौपाड्यातल्या एका छोट्या दुकानात पीसी असेंबल करायचो. गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ठरलेला : किती मेगाहर्ट्‌झ? आज जुन्या गेमसाठी मशीन उभं करायला निघालेली तरुण मुलंही मला हेच विचारतात. पेंटियम टू घेऊ की थ्री? मी सांगतो, प्रोसेसर सगळ्यात शेवटी. आधी मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, हातात घ्या आणि त्यावरचे स्लॉट, म्हणजे कार्डं खोचायच्या खाचा, मोजा.

जवळ येऊन बघा. हे लांब काळे स्लॉट आयएसएचे, त्यांचं मूळ १९८१ च्या आयबीएम पीसीत आहे. हे पांढरे, पीसीआय. आणि हा एकटा तपकिरी, जरा मागे सरकून बसलेला, तो एजीपी. एजीपी बोर्डांवर आला १९९७ मध्ये. २००० नंतर नव्या बोर्डांवरून आयएसए झपाट्याने गेला. म्हणजे नव्या बोर्डांवर हे दोघं शेजारी नांदले ते मोजकी वर्षं. डॉस ही विंडोजच्या आधीची प्रणाली. तिच्या गेमला आयएसए साउंड कार्ड हवं आणि नव्वदच्या अखेरच्या थ्रीडी गेमला एजीपीचं डिस्प्ले कार्ड. दोन्ही पिढ्यांचे गेम एकाच मशीनवर खेळायचे, तर बोर्ड याच वर्षांतला पाहिजे.

त्यातही माझी पसंती इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटला, म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपांना. एप्रिल १९९८ चा हा चिपसेट १०० मेगाहर्ट्‌झच्या बसवर, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या मार्गावर, चालतो, पीसी-१०० रॅम घेतो, आणि पेंटियम टूपासून पुढच्या पेंटियम थ्रीपर्यंत बरंच काही सांभाळतो. भंगारात मला सगळ्यात जास्त सापडतात ते मात्र ८१० चिपसेटचे बोर्ड. डिस्प्ले बोर्डावरच, एजीपीचा स्लॉट नाही. ऑफिसच्या कामाला ते उत्तम होते, आपल्या कामाचे नाहीत.

आता आवाज. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मंडळी सगळ्यात कमी विचार इथेच करतात. डॉसमधला गेम मध्यस्थाला विचारत नाही, थेट साउंड कार्डाशी बोलतो. पत्ता २२०, आयआरक्यू ५, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची तार, आणि डीएमए १, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून डेटा न्यायची वाट. या ठिकाणी क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टरसारखं वागणारं कार्ड असेल, अशा खात्रीनेच तो लिहिलेला असतो. पीसीआय कार्डाकडे आयएसएच्या त्या डीएमएच्या तारा नसतात, म्हणून त्याला ड्रायव्हरच्या आधाराने सोंग आणावं लागतं. काही गेममध्ये ते निभतं, काहींमध्ये गेम मुका होतो किंवा अडकून बसतो.

शिवाय संगीताचा प्रश्न आहे. त्या काळच्या बऱ्याच गेमचं संगीत फाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवलेलं नसे. कार्डावरची यामाहाची ओपीएल थ्री चिप ते त्या क्षणी वाजवायची. हार्मोनियमचे सूर तेच, पण पेटी बदलली की गाण्याचा रंग बदलतो, तसंच हे. एडब्ल्यूई६४ हे नावाजलेलं कार्ड, त्याला आज भावही चांगला येतो. पण त्यात यामाहाच्या चिपऐवजी क्रिएटिव्हची सीक्यूएम आहे, आणि कान तयार असेल तर फरक लगेच कळतो. उलट यामाहाच्याच ७१८, ७१९ या चिपची साधी आयएसए कार्डं तेव्हा स्वस्तात मिळायची. त्यांच्यात अस्सल ओपीएल थ्री आहे. भंगारवाल्याच्या पोत्यात असं कार्ड दिसलं तर घासाघीस न करता घ्या. आणि सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जाणारी बारीक ऑडिओ वायर विसरू नका. कितीतरी गेमचं संगीत सीडीवर गाण्यासारखं असायचं, ते याच वायरीतून येतं.

डिस्प्ले कार्डात थ्रीडीएफएक्सचं वूडू थ्री मिळालं तर बघा. गेमने कार्डाशी बोलायची या कंपनीची स्वतःची ग्लाइड नावाची भाषा होती. १९९८ चा अनरिअल हा गेम ग्लाइडवर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाण्यावर हलणारा उजेड बघून दुकानातलं काम थांबलं होतं. २००० च्या डिसेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला, बरंचसं एनव्हिडियाने विकत घेतलं. वूडू नाही मिळालं तर एनव्हिडियाचं टीएनटी टू घ्या, ग्लाइड सोडून बाकी सगळं छान चालेल. एक धोका सांगून ठेवतो. वूडू थ्री ३.३ व्होल्टचं कार्ड आहे. पुढच्या काळातल्या, फक्त १.५ व्होल्टच्या एजीपी बोर्डात ते बसवायला जाऊ नका, बोर्ड कायमचा जाऊ शकतो.

आता तो मेगाहर्ट्‌झ. गंमत अशी की फार वेगही त्रास देतो. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम साधारण २०० मेगाहर्ट्‌झच्या पुढच्या मशीनवर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडतात. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, कॅशे, म्हणजे प्रोसेसरची छोटी जलद मेमरी, बंद करून मशीन मंद करता येतं. मला स्वतःला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आवडतो, ऑगस्ट १९९८ चा. कॅशे फक्त १२८ केबी, पण प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने धावणारी. ६६ ची बस १०० वर नेली की ३०० चा ४५० होतो, आणि पुष्कळसे नग ते पेलायचे. ४४०बीएक्सवर ही बस हक्काची.

रॅम १२८ किंवा २५६ एमबी पुरे. ५१२ च्या पुढे गेलात तर विंडोज ९८ रुसतं. हार्ड डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आयडीईच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या जुन्या जोडणीच्या, अडॅप्टरवर लावा, शांत चालतं.

खरेदीसाठी बरेच जण दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात, लॅमिंग्टन रोड पालथा घालतात. जरूर जा, पण बोर्ड घेताना उजेडात धरा. कपॅसिटरची, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या उभ्या डब्यांची, डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी चिकट डाग पडलेली असतील तर परत ठेवा. घाईत मी हे एकदा पाहिलं नाही, घरी आणलेला बोर्ड दहा मिनिटं चालून गेला. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे रॅमच्या आणि कार्डांच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. खोडरबर हलक्या हाताने फिरवा, ब्रशने कचरा झटका, मगच बसवा. बंद म्हणून फेकलेले किती बोर्ड एवढ्यावर जिवंत झालेले मी पाहिलेत.

शेवटी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. या काळातली मशीन ५ व्होल्टच्या लाइनवर जास्त भार टाकतात, आजचे एसएमपीएस १२ व्होल्टला बलवान असतात. लेबलावर ५ व्होल्टसमोर किती अँपियर लिहिलेत ते वाचा. आणि मागे हे छोटं लाल बटण असतं, ११५ आणि २३०. आपल्याकडे २३०. ते ११५ वर राहिलं आणि प्लग लावला तर मोठा आवाज होतो आणि धूर येतो.

ताई, तुम्ही पुढे बसलात, जरा वाकून वाचता का? दोनशे तीस? बरं. कोणीतरी पंखे बंद करा, बीप ऐकू यायला हवा. लावतो आता.