कुंपण कुणी घालायचं? अमेरिकेतल्या एका जुन्या गावाचा कारभार

नमस्कार मंडळी! डेडहॅमच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत येतोय: "ताई, अमेरिकेत कोंडवाडा? खरंच?" हो, खरंच. आज त्यावरच बोलू.

आधीचं भराभर सांगते. डेडहॅम हे मॅसॅच्युसेट्समधलं, बॉस्टनजवळचं गाव. 1636 साली इंग्लंडहून आलेल्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्मनिष्ठ ख्रिस्ती लोकांनी वसवलं. मधोमध मीटिंगहाऊस. रविवारी तिथंच प्रवचन, एरवी तिथंच गावसभा. रोजचा कारभार सभेनं निवडलेल्या सेलेक्टमनकडे. आणि मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीचा 1647चा कायदा: पन्नास घरं झाली की लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवायचाच.

एक कळकळीची विनंती, 'टाउन'ला शहर म्हणू नका. घरं, शेतं, गायरान, रान, अख्खी शिव मिळून टाउन. आपला 'गाव' हाच शब्द त्याला बसतो.

आता डुकरं. इंग्लंडात जनावर राखायचं काम धन्याचं असे. इथं माणसं कमी आणि रान अफाट, राखणारे आणायचे कुठून? म्हणून डुकरं मोकळी सोडली आणि रीत उलटी झाली. कुंपण पिकाला, जनावराला नाही. इथंच सगळे अडखळतात, म्हणून पुन्हा सांगते.

समजा, माझ्या मक्यात तुमचं डुक्कर शिरलं. भरपाई मिळेल? आधी 'फेन्स व्ह्यूअर' येणार, म्हणजे गावानं नेमलेले कुंपण तपासणारे. कुंपण धड असेल तर पैसे तुम्ही भरा. मोडकं असेल तर नुकसान माझं.

आता डुकराच्या धन्याकडून बघा. त्याला काहीच बंधन नाही असं नव्हे. उकरू नये म्हणून डुकराच्या नाकात कडी, कुंपणातून घुसू नये म्हणून गळ्यात लाकडी जोखड. हे पाहायला 'हॉग रीव्ह' नावाचा माणूस नेमलेला. नियम मोडून सापडलेलं जनावर कोंडवाड्यात. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या कित्येक गावांत दगडी कोंडवाडे अजून उभे आहेत.

आमच्या आजोबांची म्हैस एकदा कोंडवाड्यात गेली होती. दिवेलागणीला मी त्यांच्याबरोबर गेले. म्हैस आतून हंबरत होती, आजोबा कनवटीचे पैसे मोजत होते, आणि दंड भरेपर्यंत दावं काही हातात मिळालं नाही. त्या दगडी भिंतींचे फोटो पाहिले तेव्हा मला तेच हंबरणं ऐकू आलं.

मागच्या वेळी एकानं लिहिलं होतं, "नियम सगळ्यांना सारखा, मग अन्याय कसला?" हे वाचून मी खरंच अस्वस्थ झाले. अहो, तिथल्या मूळच्या लोकांकडे कुत्र्यांखेरीज पाळीव जनावरंच नव्हती! बायका मका, घेवडा, भोपळा एकत्र लावायच्या, आणि शेताला कुंपण लागतच नव्हतं. डुकरं आणली दुसऱ्यांनी. ती या मूळच्या लोकांच्या शेतात घुसली, की वसाहतीकडून त्यांनाच सांगणं: कुंपण घाला. म्हणजे तीच रीत, कुंपण पिकाला, पण आता त्या बाईच्या पिकाला, जिनं उभ्या जन्मात डुक्कर पाळलेलं नाही.

शेतावरच थांबलं नाही. ओहोटीला आपल्याकडे बायका तिसऱ्या काढतात ना, तशा तिथल्या बायका शिंपल्या काढायच्या. डुकरं ओहोटीला तिथंही पोचली आणि चिखल उकरून शिंपल्या खाऊ लागली. किनाऱ्याला कुंपण कसं घालणार? तिथल्याच मूळच्या नॅरागॅन्सेट लोकांचे प्रमुख मिअँटोनोमी यांनी 1642 मध्येच ही तक्रार केली होती: गुरं आमचं गवत खातात, डुकरं आमच्या शिंपल्या नासवतात.

1675 मध्ये वांपानोआग या मूळच्या लोकांचा प्रमुख मेटाकॉम याच्या नेतृत्वाखाली इंग्रजांविरुद्ध युद्ध पेटलं. मुख्य भांडण जमिनीचं, पण या जनावरांचा जाच त्यात होताच. "क्षुल्लक गोष्टी सोडा, क्रांतीबद्दल सांगा" म्हणणाऱ्यांनो, इंग्लंडविरुद्धच्या अमेरिकन क्रांतीला अजून शंभर वर्षं आहेत. तोवर गावसभेत बसून माणसं कुंपणाचेच वाद मिटवत होती.

तुमच्या गावात जुना कोंडवाडा असेल तर फोटो जरूर पाठवा. पुढच्या वेळी नॅटिक या शेजारच्या, मूळच्या लोकांच्या गावाच्या जमिनीवरून डेडहॅमनं घातलेला वाद घेते.